भरतीमापीचा आकडा समुद्रसपाटीवर कसा आणायचा: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की बडोद्यात घरोघरी दोन प्रश्न असतात. "काळाघोड्याला किती?" आणि "आजव्याला किती?" ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा दांडिया बाजारात दुसरा विषयच नव्हता. काळाघोडा पुलापाशी 26 फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आजवा जलाशयाचा आकडा मात्र 211, 212 असा येतो. माझी पुतणी तेव्हा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने वजाबाकी करून विचारलं, "काका, म्हणजे आजव्याचं पाणी नदीपेक्षा 185 फूट उंच आहे?"

तसा अर्थ काढता येत नाही, कारण दोन आकड्यांची शून्यं वेगळी आहेत. आजव्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. काळाघोड्याचा 26 हा पुलापाशी लावलेल्या गेजवरचा, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा आहे, आणि त्याचा शून्य त्या गेजच्या तळाशी. त्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची कळली की मगच वजाबाकीला अर्थ येतो.

पुतणी आता ढाढरच्या मुखाकडे पाणीपातळीच्या कामावर जाते. विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात, त्यामुळे बडोद्यातला सर्व्हेअर कधी ना कधी भरती-ओहोटीच्या आकड्यांपाशी येऊन पोचतोच. तिला जे समजावून सांगितलं तेच इथे लिहितो आहे. गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. चुका होतात त्या शून्य कुठे आहे हे न विचारल्यामुळे.

आधी कागदावर शिडी काढा

आकडे हातात आले की लगेच एक्सेल उघडू नका. कोऱ्या कागदावर एक उभी रेघ मारा. तिच्यावर तुम्हाला माहीत असलेली प्रत्येक पातळी आडव्या रेघेने दाखवा: वर तलचिन्ह, म्हणजे बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण), खाली गेजचा शून्य, मध्ये कुठेतरी समुद्रसपाटीची पातळी, आणि चार्ट डेटम माहीत असेल तर तोही. दोन रेघांमधलं अंतर बाणाने दाखवून त्यावर मीटर लिहा. चित्र प्रमाणात नसलं तरी चालेल, पण काय वर आणि काय खाली ते बरोबर हवं. अधिक-उण्याची चूक या कामात सगळ्यात जास्त होते आणि ती या एका चित्रात पकडली जाते. मी आजही चित्र काढल्याशिवाय आकड्याला हात लावत नाही.

या शिडीवरची नावं नीट ओळखून घ्या.

गेजचा शून्य ही पट्टी किंवा यंत्र जिथे बसवलं तिथली, पूर्णपणे स्थानिक गोष्ट. त्याला स्वतःचा काही अर्थ नसतो.

चार्ट डेटम हा नौकानयनाच्या नकाशांचा तळ. पाणी सहसा याच्या खाली जात नाही इतक्या खालची ओहोटीची पातळी त्यासाठी निवडतात, म्हणजे नकाशावर लिहिलेल्या खोलीपेक्षा कमी पाणी मिळण्याचा धोका जहाजाला राहत नाही. वर्तमानपत्रात "मुंबईत आज 4.7 मीटरची भरती" असं छापून येतं, तो आकडा चार्ट डेटमपासूनचा. मुंबई बंदरात सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या 2.51 मीटर वर आहे. म्हणजे 4.7 मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीच्या 2.19 मीटर वर येते. पुष्कळ लोक 4.7 थेट जमिनीच्या उंचीशी ताडून पाहतात आणि घाबरतात. आणि हे 2.51 फक्त मुंबईचं. ते उचलून खंभातच्या आखाताला लावलं तर सगळंच चुकेल, कारण भरती-ओहोटीतलं अंतर जितकं मोठं तितका चार्ट डेटम खोल जातो. भावनगरकडे उधाणाच्या दिवशी हे अंतर दहा मीटरच्या घरात असतं.

तिसरी पातळी राष्ट्रीय उंचीचा आधार, ज्याला आपण सरधोपट समुद्रसपाटी म्हणतो आणि ज्यावरून आर.एल. (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे या आधारापासूनची उंची) लिहितो. भारतात लेव्हलिंगचं (एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उंची मोजत नेण्याचं) पहिलं देशव्यापी जाळं 1909 मध्ये जुळवलं गेलं. त्या वेळी कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली होती. प्रत्यक्षात नऊ ठिकाणचा समुद्र अगदी एका पातळीत नसतो, आणि शंभरेक वर्षांत तो थोडा चढलाही आहे. त्यामुळे तुमच्या जागेची आजची सरासरी समुद्रपातळी आणि या आधाराचा शून्य या दोन रेघा शिडीवर वेगळ्याच काढा. नंतर सर्व्हे ऑफ इंडियाने 2009 च्या नावाने नवा उभा आधारही आणला. तलचिन्हाची उंची मागताना ती कोणत्या आधारावरची आहे हे विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

गेजचा शून्य तलचिन्हाला बांधणं

खरं काम इथे आहे. गेजजवळचं एखादं जीटीएस, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचं, तलचिन्ह किंवा त्यावरून आणलेलं कायमचं चिन्ह शोधा. पूल, मोरी, जुनी सरकारी इमारत, देवळाची पायरी अशा जागी ती असतात. सापडलेल्या चिन्हाकडे नीट बघा. दगड हललाय का, मोरीवर नवं काँक्रीट चढलंय का, शेजारी खोदकाम झालंय का? शंका आली तर दुसरं चिन्ह गाठा आणि दोघांमधला फरक यादीतल्या फरकाशी जुळतो का ते पाहा. एकाच चिन्हावर भरवसा ठेवून काम करू नका. गेजभोवती निदान तीन चिन्हं असली तर एखादं हललं तरी ते ओळखू येतं.

आता उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत. मोरीवरच्या तलचिन्हाची आर.एल. 8.214 मीटर. ऑटो लेव्हल (आडवी नजर देणारी दुर्बीण) लावली, चिन्हावरच्या स्टाफचं, म्हणजे उभ्या मापपट्टीचं, बॅकसाइट (उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन) 1.326. दुर्बिणीची उंची झाली 9.540. चेंज पॉइंटवर, म्हणजे लेव्हल पुढे नेण्यासाठी घेतलेल्या मधल्या बिंदूवर, फोरसाइट (उंची काढायच्या बिंदूवरचं वाचन) 2.871, म्हणून त्या बिंदूची आर.एल. 6.669. लेव्हल पुढे नेली, त्याच बिंदूवर बॅकसाइट 0.954, दुर्बिणीची उंची 7.623. गेजच्या खांबावर ठोकलेल्या पितळी खिळ्यावर फोरसाइट 1.483. खिळ्याची आर.एल. 6.140.

खिळ्याच्या बरोबरीने भरतीपट्टीवर 9.500 चा आकडा येतो. म्हणजे पट्टीचा शून्य खिळ्याच्या 9.500 मीटर खाली. 6.140 मधून 9.500 वजा केले की उणे 3.360. हीच गेजच्या शून्याची आर.एल. इथून पुढे प्रत्येक वाचनात उणे 3.360 मिळवायचे. पट्टीवर 7.85 दिसलं तर पाणी समुद्रसपाटीच्या 4.49 मीटर वर. 2.10 दिसलं तर 1.26 मीटर खाली. शिडीच्या चित्राशी ताडून पाहा, जुळतं.

लेव्हलिंग तिथे थांबवायचं नाही, उलट फिरून पुन्हा मोरीवर यायचं. आपल्या उदाहरणात परत आल्यावर 8.219 मिळाले असं धरू, म्हणजे 5 मिलिमीटरचा फरक. जाऊन-येऊन अंतर 1.2 किलोमीटर असेल तर अंतराच्या वर्गमुळाला 12 ने गुणून सुमारे 13 मिलिमीटर सूट मिळते, तेव्हा काम पास. फरक जास्त आला तर वाटून टाकू नका, पुन्हा करा. बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं जमेल तितकी सारखी ठेवा. किनाऱ्याकडच्या चिखलात ट्रायपॉड हळूहळू खचतो, म्हणून पायांखाली फळीचे तुकडे घालतात, आणि बॅकसाइट घेतल्यावर फोरसाइटला फार वेळ लावत नाहीत.

पट्टी वाचायची कशी

पाणी स्थिर कधीच नसतं. पुतणीला पहिल्या दिवशी मी जेटीच्या कठड्याला धरून उभं केलं आणि म्हटलं, नुसतं बघ. पट्टीवर लाट 6.42 पर्यंत चढत होती आणि 6.18 पर्यंत उतरत होती. खांबाला चिकटलेले शिंपले लाट उतरली की क्षणभर उघडे पडत आणि पुन्हा गढूळ पाण्याखाली जात. तिने पाच-सहा लाटांचे माथे आणि तळ टिपले, सरासरी काढली, 6.30 लिहिलं, शेजारी घड्याळाची वेळ. एवढं करेपर्यंत दोनेक मिनिटं गेली, आणि परत पट्टीकडे पाहिलं तर पाणी चार बोटं चढलेलं. दहा मीटर पाणी सहा तासांत चढतं म्हणजे तासाला दीड मीटरहून जास्त वेग. म्हणून आमच्या आखातात वाचनाची वेळ मिनिटासकट लिहावीच लागते. लाटांचा त्रास फार असेल तर खाली बारीक भोकं पाडलेला पाइप उभा करून त्यातली पातळी वाचा.

पट्टीशेजारी स्वयंचलित यंत्र असेल, रडारचं किंवा दाबाचं, तर त्याचा शून्य पट्टीच्या शून्याशीच असेल असं धरू नका. उधाणाच्या दिवशी एक पूर्ण आवर्तन, म्हणजे सुमारे 12 तास 25 मिनिटं, दर पंधरा मिनिटांनी पट्टी वाचा आणि यंत्राचा आकडा शेजारी लिहा. दोघांतला फरक आलेखावर काढा. फरक सगळीकडे सारखा असेल तर तो मिळवून टाकायचा, संपलं. पाण्याबरोबर फरक वाढत-घटत असेल तर यंत्राचं माप चुकतंय. चढत्या आणि उतरत्या पाण्यात वेगवेगळा येत असेल तर यंत्राचं घड्याळ मागेपुढे आहे. आलेखाचा आकारच दोष कुठे आहे ते सांगतो. दिवस दमवणारा असतो खरा, पण हा दिवस ज्याने वाचवला त्याच्या पुढच्या सगळ्या महिन्यांच्या नोंदींवर मी विश्वास ठेवणार नाही.

घड्याळाचंच आणखी एक. नेटवर मिळणाऱ्या तासातासाच्या नोंदी सहसा जागतिक वेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळ सव्वासहा तासांच्या जवळपास. साडेपाच तास विसरलात तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते आणि तुम्ही गेजच्या शून्याला दोष देत बसता.

तयार नोंदी वापरत असाल तर

शिकताना बहुतेक जण जगभरच्या सरासरी समुद्रपातळीचा जो संग्रह लिव्हरपूलहून चालतो, त्यावरून मासिक आकडे उतरवून घेतात. हा संग्रह 1933 मध्ये सुरू झाला. त्यात मुंबईच्या अपोलो बंदराच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत, आणि आपल्या किनाऱ्याबद्दल इतकं जुनं दुसरं फारसं काही नाही.

फाइल उघडली की 7000 च्या आसपासचे आकडे दिसतात. ते मिलिमीटर आहेत. त्या संग्रहात प्रत्येक ठिकाणासाठी एक स्थानिक संदर्भ ठरवतात, सरासरी समुद्रपातळीच्या अंदाजे 7 मीटर खाली, म्हणजे उणे आकडे यायला नकोत. नवखा माणूस इथे प्रत्येक आकड्यातून 7000 वजा करतो आणि समुद्रसपाटी मिळाली असं समजतो. तसं होत नाही. 7000 हा सोयीसाठी घेतलेला अंदाज आहे. खरी गाठ त्या ठिकाणच्या तलचिन्हाशी असते. प्रत्येक ठिकाणाच्या पानावर आकृती असते, आपल्या शिडीसारखीच, त्यात संदर्भापासून तलचिन्ह किती वर ते दिलेलं असतं.

समजा आकृतीत तलचिन्ह संदर्भाच्या 10.150 मीटर वर आहे, आणि राष्ट्रीय यादीत त्याच चिन्हाची आर.एल. 3.100 आहे. तर संदर्भाची आर.एल. उणे 7.050. फाइलमध्ये 7043 असेल तर 7.043 मधून 7.050 गेले, उरले उणे 0.007, म्हणजे त्या महिन्याची सरासरी समुद्रसपाटीच्या 7 मिलिमीटर खाली. नुसते 7000 वजा करणाऱ्याला अधिक 43 मिळाले असते. हेही आकडे उदाहरणाचेच आहेत.

दोन सावधगिऱ्या. उणे 99999 म्हणजे त्या महिन्याची नोंद नाही, ते सरासरीत जाऊ देऊ नका. आणि त्याच संग्रहात नोंदींचा दुसरा एक प्रकारही असतो ज्याच्या शून्याचा इतिहास जुळवलेला नसतो. तो वर्षानुवर्षांच्या चढउतारासाठी वापरायचा नाही.

तलचिन्हच जवळ नसेल तर

आखाताच्या किनाऱ्यावर मैलोन्‌मैल चिखल आणि मिठागरं आहेत, तिथे ही वेळ येते. मग खिळ्यावर जीपीएसचा चांगला रिसीव्हर काही तास ठेवून त्याची उंची काढतात. सर्व्हे ऑफ इंडियाचं कायमस्वरूपी स्टेशनांचं जाळं आता त्यासाठी वापरता येतं. पण रिसीव्हर जी उंची देतो ती लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नाही. समुद्रसपाटीला जुळणारा पृष्ठभाग म्हणजे जिऑइड, आणि तो भारतात लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर तो जगात सर्वांत खोल, 106 मीटरच्या आसपास खाली जातो. आपल्या बाजूला पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून किनाऱ्यावर उभं राहिलं असताना रिसीव्हर उणे पन्नास-पंचावन्न दाखवतो आणि नवखी मुलं यंत्र बिघडलं म्हणून फोन करतात. यंत्र ठीक असतं.

सूत्र एवढंच: समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे लंबगोलीय उंचीतून जिऑइडची उंची वजा. जिऑइडची उंची इथे उणे, म्हणून वजा करताना ती मिळवली जाते. रिसीव्हरने उणे 51.90 दिले आणि मॉडेलमध्ये त्या जागी उणे 58.00 आहे असं धरलं, तर खिळा 6.10 मीटरवर. जगभराचं जिऑइड मॉडेल घेतलंत तर त्यात काही डेसिमीटरची चूक असू शकते. जमलं तर निदान एका जीटीएस चिन्हावर रिसीव्हर ठेवून येणारा फरक बघा आणि तो सगळीकडे लावा. लेव्हलिंगची अचूकता या वाटेने मिळत नाही, अहवालात तसं लिहा.

सरासरी काढण्याची घाई

गेजच्या शून्याची आर.एल. मिळाली की स्थानिक सरासरी समुद्रपातळी काढायचा मोह होतो. पंधरा दिवसांच्या नोंदींवरून ती काढू नका. उधाण आणि भांग (सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान भरती) यांचं चक्र पंधरवड्याचं, ऋतूंचं वर्षाचं, आणि चंद्राच्या कक्षेचं 18.6 वर्षांचं, म्हणून जुनी मंडळी 19 वर्षांची सरासरी मागतात. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, पावसाळी हवेत हे जाणवतं.

आपल्या बाजूची खास अडचण वेगळी आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पट्टी कोरडी पडते. आपल्या उदाहरणातला शून्य उणे 3.36 वर आहे, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी त्याच्याही खाली जाऊ शकतं. मग तळाचे आकडे मिळतच नाहीत, आणि उरलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा वर येते. यंत्र अशा वेळी सपाट रेघ काढतं, तासन्‌तास तोच आकडा. ती रेघ म्हणजे चिखल, पाणी नव्हे. ते तास कोरे ठेवा. नदीच्या मुखात आत गेलात तर नदीचं पाणीही मिसळतं, आणि तिथली सरासरी उघड्या समुद्राची धरता येत नाही.

माझ्याकडून घडलेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका जेटीवर बार्जचा धक्का लागून पट्टी निसटली. तिथल्या माणसांनी ती तत्परतेने पुन्हा बसवली, पण 23 सेंटिमीटर वर, आणि नोंदवहीत कुणी काही लिहिलं नाही. मी दोन महिन्यांचे आकडे एका सलग तक्त्यात घातले. पट्टी वर गेल्यामुळे दुसऱ्या महिन्याचे आकडे 23 सेंटिमीटरने कमी येत होते. मी त्याला ऋतूचा फरक समजलो आणि तसं लिहूनही दिलं. तीन आठवड्यांनी खिळ्यावरून पुन्हा लेव्हल घेतली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक धक्क्यानंतर, वादळानंतर, दुरुस्तीनंतर खिळा ते पट्टी मोजतो. शून्याची आर.एल. बदलली तर तक्त्यात दोन ओळी होतात: अमुक तारखेपर्यंत उणे 3.360, त्यापुढे उणे 3.130. जमीन स्वतः हलली तर अख्खी साखळीच तपासावी लागते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर कच्छच्या बाजूची जुनी तलचिन्हं न तपासता वापरणं म्हणूनच चुकीचं.

शेवटची पडताळणी डोळ्यांनी

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला आपली मंडळी जातातच. भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला पिंडी उघडी पडते. पुतणीला मी तिथे नेलं होतं. पाणी उतरू लागलं तसं खांबांवर ओल्याची रेघ स्पष्ट दिसायला लागली, वर कोरडा दगड आणि खाली काळपट, चिकट. तिला म्हटलं, भरतीतक्त्यातला आजचा आकडा घे, चार्ट डेटमवरून समुद्रसपाटीवर आण, आणि ही रेघ किती आर.एल.ला असायला हवी ते सांग. तिने वहीत आधी शिडी काढली.

तुमच्या गेजशेजारीही असं करता येतं. उधाणाची भरती गाठा, पाणी चढायचं थांबलं की खांबावर खडूने रेघ मारा, ओहोटीला लेव्हल लावून तिची आर.एल. काढा, आणि गेजच्या आकड्यावरून आलेल्या उंचीशी ताडा. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळलं तर साखळी धड आहे. अर्धा-एक मीटर फरक आला तर तलचिन्हाचा आधार किंवा अधिक-उणे पाहा. फरक पाचेक मीटरचा असेल तर चार्ट डेटम आणि समुद्रसपाटी यांची अदलाबदल झाली आहे, आणि पन्नासच्या पुढे असेल तर जिऑइड राहून गेलाय.

मग नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा: गेजच्या शून्याची आर.एल., ती कोणत्या तलचिन्हावरून आणि कोणत्या आधारावर आणली, लेव्हलिंगची तारीख, बंद होतानाचा फरक, वेळ भारतीय की जागतिक, एकक मीटर की फूट. जुन्या वह्यांत फूट भेटतात, एक फूट म्हणजे 0.3048 मीटर. त्याच्या खाली शिडीचं चित्र काढा, पेनने.